आंबिल ओढ्याचे क्षेत्र कोणते?

पुण्यातील आंबिल ओढा बहुतेकांना ठाऊक असतो तो दांडेकर पुलावरून जाताना येणाऱ्या दुर्गंधीमुळे. वस्तुतः त्याचा उगम शहराच्या दक्षिणेस, कात्रजच्या डोंगरात आहे. तेथील उतारांवरचे पाणी कात्रजच्या तलावात येते आणि पुढे धनकवडी, सहकारनगर, अरण्येश्वर, पर्वतीचा पायथा असे उतरत मुठेला मिळते.

हा ओढा पूर्वी आजच्या पेठांच्या भागातून वाहत असे. अठराव्या शतकात, पेशवाईत, त्याचा प्रवाह पश्चिमेकडे वळविण्यात आला. पर्वतीखाली त्याचे पाणी अडवून तळे केले गेले. सारसबागेतील गणपतीला आजही ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात, तो त्यामुळेच. कात्रजचे पाणी जमिनीखालच्या नळांतून थेट शनिवारवाड्यापर्यंत आणले होते. ज्यांनी ओढा हलविला, त्यांनी निदान डोंगरापासून नदीपर्यंतची जमीन एकत्रितपणे पाहिली होती.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री हाच ओढा घराघरांत शिरला. पुणे शहर व परिसरात त्या पावसाने वीसहून अधिक बळी घेतले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटल्यापासून पुणेकरांच्या मनातील पूर म्हणजे मुठेचा पूर. पण धरणातून पाणी सोडण्यापूर्वी नदीकाठाला इशारा देता येतो. ओढ्याला दरवाजे नसतात. उतार तीव्र, अंतर थोडे. डोंगरावर मुसळधार पाऊस झाला की लोंढा पाहता पाहता वस्तीत येतो.

त्यात डोंगरउतारांवर इमारती झाल्या, अंगणांत फरशी आली, रस्त्यांवर काँक्रीट पडले. जे पाणी मातीत मुरत असे, ते आता गटारांतून तत्काळ ओढ्यात उतरते. चर्चा मात्र पात्राची, सीमाभिंतीची आणि काठावरच्या झोपड्यांची होते. जून २०२१ मध्ये दांडेकर पुलाजवळची घरे पाडण्यास प्रारंभ झाला, रहिवाशांनी विरोध केला आणि न्यायालयाच्या स्थगितीने ते काम थांबले. पात्रात घर असू नये, हे मान्यच आहे. परंतु त्या घरात शिरणारे पाणी धनकवडीच्या गच्चीवरूनही आलेले असते. वरच्या बांधकामास परवानगी देताना खालच्या पुलाखालून किती पाणी जाऊ शकते, हा हिशेब मांडला जातो काय? नोटीस मात्र काठावरच्या दारालाच चिकटते.