वादळाला वाट कोण दाखवतं?

26 सप्टेंबर 2021 ला ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आलं. जमिनीवर आल्यावर त्याचा जोर ओसरला, पण उरलेला कमी दाब तेलंगणा ओलांडून महाराष्ट्रात शिरला. मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. पुढे तोच कमी दाब गुजरातवरून अरबी समुद्रात उतरला. कोमट पाण्यावर पुन्हा बाळसं धरून 1 ऑक्टोबरला त्याचं नव्याने चक्रीवादळ झालं. नवं वादळ म्हणून नावही नवं मिळालं: ‘शाहीन’, म्हणजे ससाणा. हे नाव यादीत आपल्या कतारनेच दिलेलं होतं. 3 ऑक्टोबरला शाहीन ओमानच्या उत्तर किनाऱ्यावर धडकलं. तिथून दोहा साधारण 600 किलोमीटर!

उपसागरातून निघून भारत ओलांडायचा, अरबी समुद्र पार करायचा आणि थेट ओमान गाठायचं. हा रस्ता ठरवला कोणी?

नदीच्या पुरातला भोवरा आठवा. तो गरागरा फिरतो, पण वाहत जातो प्रवाहाच्या दिशेने. चक्रीवादळाचंही बरचसं तसंच आहे. त्याच्या पोटात वारे ताशी शंभर किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने फिरत असले, तरी अख्खं वादळ बहुतेक वेळा ताशी 10-20 किलोमीटरनेच सरकतं. ते सरकतं आजूबाजूच्या मोठ्या वाऱ्यांबरोबर. (पृथ्वीच्या फिरण्यामुळे आपल्या गोलार्धात त्याला वायव्येकडे थोडी स्वतःची ओढही असते, पण ती दुबळी.) हरिकेन, टायफून आणि चक्रीवादळ ही एकाच प्रकारच्या वादळाची तीन नावं, त्यामुळे नियम सगळीकडे एकच.

हे मोठे वारे ओळखायचे कसे? त्यासाठी जमिनीवरचा नव्हे, वरच्या हवेचा नकाशा बघतात. साडेपाच ते सहा किलोमीटर उंचीवर हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या निम्मा, म्हणजे 500 हेक्टोपास्कल होतो. ही पातळी सगळीकडे सारख्या उंचीवर नसते. खालची हवा उबदार असेल तर ती फुगते आणि पातळी वर जाते, थंड असेल तर खाली बसते. सारख्या उंचीच्या जागा जोडल्या की सह्याद्रीच्या नकाशावर असतात तशा समोच्च रेषा मिळतात. त्यात डोंगराच्या सोंडेसारखा उंचवटा दिसला तर ती ‘रिज’, आणि दरीसारखा खोलगट भाग दिसला तर तो ‘ट्रफ’. मराठी वर्तमानपत्रांत ‘द्रोणीय स्थिती’ म्हणतात, ती कमी दाबाची असलीच दरी.

पण या डोंगर-दरीत एक गंमत आहे. पाणी उतारावरून खाली धावतं. वरच्या हवेत मात्र पृथ्वीच्या फिरण्यामुळे वारा उतारावरून न घसरता रेषांना धरून वाहतो. उत्तर गोलार्धात तो उंचवट्याभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. म्हणून रिजच्या दक्षिणेला वारा पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो आणि तिच्या पश्चिम टोकाशी तो उत्तरेकडे वळतो. ट्रफच्या पुढच्या, म्हणजे पूर्वेच्या बाजूला वारा ईशान्येकडे जातो. एवढं लक्षात राहिलं तरी पुष्कळ!

आता शाहीनकडे परत येऊ. त्याच्या उत्तरेला रिज भिंतीसारखी उभी होती. वादळ तिच्या दक्षिण कडेने पश्चिमेकडे सरकत राहिलं, आणि शेवटी चक्क डावीकडे, नैऋत्येला वळून ओमानच्या बातिना किनाऱ्यावर गेलं. अल् खाबूरा इथे सुमारे 370 मिलिमीटर पाऊस कोसळला. या कोरड्या भागात हा काही वर्षांचा पाऊस. रिज थोडी ढिली असती तर वादळ उत्तरेला इराण-पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्याकडे जाऊ शकलं असतं. पुढे डोंगर आणि वाळवंटाची कोरडी हवा लागली आणि ते विरलं.

त्याच वर्षी मे महिन्यातलं ‘तौक्ते’ याच्या उलट. ते रिजच्या पश्चिम कडेने कोकण किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे गेलं आणि 17 मेच्या रात्री गुजरातेत शिरलं. तिथे पश्चिमेकडून येणारा ट्रफ, म्हणजे आपला ओळखीचा ‘पश्चिमी विक्षोभ’, त्याच्या वाटेत आला. उरलेला कमी दाब ईशान्येला ओढला गेला आणि 19-20 मे ला दिल्लीत एका दिवसात 119 मिलिमीटर पाऊस पडला. मे महिन्यासाठी तो विक्रम ठरला.

कधीकधी वादळ दोन रिजच्या मध्ये सापडतं. दोन्हीकडची ओढ सारखीच, त्यामुळे ते रेंगाळतं. जून 2023 मधलं ‘बिपरजॉय’ असंच जवळजवळ दहा दिवस समुद्रात घुटमळलं आणि मग कच्छमध्ये जखाऊजवळ किनाऱ्यावर आलं. अशा वेळी संगणकाची प्रारूपं वेगवेगळ्या वाटा दाखवतात. त्याचा अर्थ हवामानशास्त्रज्ञ गोंधळलेत असा नसतो. ढकलणारा प्रवाहच दुबळा असतो, आणि रिज जरा इकडेतिकडे झाली तरी वादळाचा किनारा बदलतो.

आपल्यापैकी अनेकांचे आईवडील कोकणात, भावंडं मस्कत-सोहारला. समुद्रात वादळ उठलं की फोनवर उपग्रहाची चित्रं फिरू लागतात आणि सगळ्यांची नजर त्या पांढऱ्या चक्रावर खिळते. पुढच्या वेळी चक्राच्या बाहेर बघा. रिज कुठे आहे? वादळ तिच्या दक्षिणेला आहे की पश्चिम टोकाशी? पश्चिमेकडून एखादा ट्रफ येतोय का? अंदाजातला मार्ग मग नुसती रेघ वाटणार नाही. मात्र घर सोडायचं की थांबायचं, हे त्या देशाच्या हवामान खात्याच्या इशाऱ्यावरूनच ठरवा. आणि मार्गाभोवतीचा अनिश्चिततेचा पट्टा रुंद दिसला तर रेघेपासून लांब राहणाऱ्या नातेवाइकांनाही आधीच फोन करा.