कार्बनच्या पात्यावरची धाव

१५ जुलै १९९९ रोजी, कारगिल युद्धाच्या काळात, अखनूर क्षेत्रात उखळी तोफेचा गोळा जवळच फुटून सेनाधिकारी देवेंदर पाल सिंग गंभीर जखमी झाले. रुग्णालयात त्यांना प्रथम मृत समजण्यात आले होते. प्राण वाचले, परंतु गँगरीनमुळे उजवा पाय कापावा लागला. हेच सिंग २००९ मध्ये दिल्ली अर्धमॅरेथॉनचे सुमारे २१ किलोमीटर अंतर धावले, तेही चालण्यासाठी घडविलेल्या कृत्रिम पायावर.

या साहसाचे मोल कळण्यासाठी थोडे यंत्रशास्त्र आवश्यक आहे. चालताना एक पाऊल सदैव जमिनीवर असते. धावताना शरीर क्षणभर अधांतरी जाते आणि उतरताना वजनाच्या दुपटीहून अधिक भार एकाच पायावर येतो. साध्या कृत्रिम पायात हा आघात बव्हंशी उरलेल्या अवयवालाच सोसावा लागतो, त्वचा सोलवटते. कार्बन तंतूंचे वक्र पाते मात्र दाबले जाऊन ऊर्जा साठविते आणि पाऊल उचलताना बरीचशी परत देते. पुढे लष्कराने सिंग यांना असे पाते उपलब्ध करून दिले व ते ‘भारताचे पहिले ब्लेड रनर’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

पात्यामुळे अवाजवी लाभ होतो काय, हा वाद दक्षिण आफ्रिकेच्या ऑस्कर पिस्टोरियसच्या निमित्ताने २००८ मध्ये क्रीडा लवादापुढे गेला. निर्णय त्याच्या बाजूने लागला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो ४०० मीटर धावला. आपल्याकडे मात्र महागडे पाते मिळविणे हीच पहिली शर्यत ठरते. अवयव गमावलेल्यांना खेळाकडे वळविण्यासाठी सिंग यांनी २०११ मध्ये ‘द चॅलेंजिंग वन्स’ हा गट उभारला.