पहिल्या पाचात कोण?

सामना सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी स्कोअरशीटवर पाच खेळाडूंपुढे बारीकशी फुली मारायची आणि सही करायची, हे कोचचं काम. सामना सुरू झाला की स्कोअरर त्या पाच फुल्यांभोवती गोल करतो. उरलेल्या सात मुली नंतर खेळायला उतरल्या की त्यांच्यापुढेही फुली येते, पण तिला गोल नसतो. या गोलाने संघाचा एक पॉइंट वाढत नाही, दहावीचे क्रीडागुणही वाढत नाहीत. तरी सतरा वर्षांखालच्या मुलींना शिकवताना पालकांशी माझे सगळ्यात जास्त खटके उडतात ते या गोलावरूनच. एक जण म्हणतो, ‘मॅडम, आमचीची उंची बघा, तिला सुरुवातीपासून खेळवल्याशिवाय ती शिकणार कशी?’ दुसरा म्हणतो, ‘आमची तीन वर्षं घाम गाळतेय, कालची पोरगी येऊन तिच्या जागी कशी?’

दोघांचंही चूक नाही, म्हणूनच पंचाईत आहे. शिवाय दोघंही दाखला देतात तो कोबी ब्रायंटचाच.

कोबी 1996 साली शाळा संपवून थेट एनबीएत आला. ड्राफ्टमध्ये तेराव्या क्रमांकावर शार्लट हॉर्नेट्सने त्याला घेतलं आणि व्लादे दिवाचच्या बदल्यात लेकर्सकडे दिलं. लेकर्समध्ये त्याच्या जागेवर एडी जोन्स होता, आणि जोन्स काही ऐरागैरा नव्हे, स्वतः ऑल-स्टार. कोच डेल हॅरिस यांनी पोराला बाकावर बसवलं. पहिल्या वर्षी तो 71 सामने खेळला, त्यांतल्या फक्त 6 सामन्यांत सुरुवातीपासून. दुसऱ्या वर्षी 79 सामन्यांत एकदाच. आणि त्याच वर्षी, 1998 च्या ऑल-स्टार सामन्यासाठी, प्रेक्षकांनी मतं देऊन त्याला पश्चिम विभागाच्या पहिल्या पाचात बसवलं. तेव्हा तो 19 वर्षांचा होता. एडी जोन्सही त्याच संघात होता, पण राखीव म्हणून! क्लबमध्ये ज्याच्यामागे तू बाकावर बसतोस, तोच इथे तुझ्यामागे बाकावर. जोन्सला काय वाटलं असेल, याचा विचार कोबीची गोष्ट सांगताना कुणी करत नाही.

‘बघा, कोबीलासुद्धा जागा कमवावी लागली,’ असं म्हणणारे इथेच थांबतात. पण दुसऱ्या वर्षी तो सामन्यामागे सरासरी 26 मिनिटं खेळत होता, हे ते सांगत नाहीत. एनबीएचा सामना 48 मिनिटांचा. म्हणजे अर्ध्याहून जास्त खेळ त्याच्या वाट्याला आलेलाच होता. त्याच्याही आधी, मे 1997 मध्ये, युटा जाझविरुद्ध हरलो तर घरी जायचं अशा सामन्यात शेवटचे फटके या अठरा वर्षांच्या मुलाने मारले होते. शॅकिल ओनील फाउल भरून बाहेर, रॉबर्ट हॉरीला पंचांनी हाकललेलं, बायरन स्कॉट जखमी. कोबीचे चार फटके एअरबॉल गेले. एक ठरलेल्या वेळेच्या अखेरीस, तीन जादा वेळेत. रिंगलासुद्धा न लागलेले, सगळ्या अमेरिकेच्या डोळ्यांदेखत. लेकर्स हरले, मालिका संपली. शाळेतल्या तुटपुंज्या सामन्यांनंतर 82 सामन्यांचा हंगाम पायांना झेपला नाही, असं तो पुढे सांगायचा, आणि त्या सुट्टीत त्याने पायांच्या ताकदीवरच मेहनत घेतली. पहिल्या पाचातली जागा त्याच्या हाती पक्की आली ती 1999 च्या छोट्या हंगामात, 50 पैकी 50 सामने. मार्चमध्ये जोन्सला शार्लटला पाठवून लेकर्सने तो विषयच मिटवला.

त्याच ड्राफ्टमध्ये, चार क्रमांक मागे, पोर्टलंडने जर्मेन ओनीलला घेतलं होतं. तोही शाळेतून थेट आलेला. त्याच्यापुढे रशीद वॉलेस, ब्रायन ग्रँट, आर्विदास सबोनिस अशी रांग. चार वर्षं त्याला ना सुरुवातीची पक्की जागा मिळाली, ना पुरेशी मिनिटं. 2000 मध्ये तो इंडियानाला गेला आणि 2002 पासून सलग सहा वेळा ऑल-स्टार झाला. सरावात अशा दांडग्यांशी झुंजूनच तो तयार झाला, असं म्हणणारे आहेत. असेलही. पण रोज सराव आणि रविवारी बाक, यातून मुलगी काय शिकते ते मी जवळून पाहते. ती टाळ्या वाजवायला शिकते.

मला स्वतःला या सगळ्यांत टोनी पार्करची गोष्ट जास्त उपयोगी वाटते. 2001 मध्ये सॅन अँटोनियो स्पर्सने या फ्रेंच पोराला 28 व्या क्रमांकावर उचललं, आणि पहिल्याच हंगामाच्या सुरुवातीला ग्रेग पोपोविच यांनी त्याला पॉइंट गार्ड करून टाकलं. वय 19. ही जागा दिलेलीच म्हणायची. पण शेजारी टिम डंकन आणि डेव्हिड रॉबिन्सन होते, पोराचं चुकलं तर सावरायला. बोलणीही पार्करने सगळ्यात जास्त खाल्ली. त्यातही खरी मेख 2003 च्या अंतिम मालिकेत दिसली. न्यू जर्सी नेट्सविरुद्ध सहाव्या सामन्यात सुरुवात पार्करनेच केली, पण चौथ्या क्वार्टरचा मोठा भाग खेळला तो राखीव स्पीडी क्लॅक्स्टन. स्पर्स विजेते झाले तेव्हा त्यांचा पहिला पॉइंट गार्ड बाकावर होता. एवढ्यावर भागलं नाही. त्याच उन्हाळ्यात स्पर्सने उघडउघड जेसन किडला बोलावलं. किड म्हणजे नुकत्याच हरवलेल्या नेट्सचा पॉइंट गार्ड! तो आला नाही म्हणून पार्करची जागा राहिली. चार वर्षांनी, 2007 मध्ये, अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू पार्कर होता.

म्हणजे सुरुवात देता येते, शेवट देता येत नाही. बॉस्टनच्या रेड आउरबाख यांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. फ्रँक रॅम्झी आणि नंतर जॉन हॅव्लिचेक असे चांगले खेळाडू ते मुद्दाम बाकावरून आणत. समोरचे दमले की यांचे ताजे पाय. आज एनबीएत ‘सिक्स्थ मॅन’ला स्वतंत्र पुरस्कार आहे.

पालकांना आणखी एक गोष्ट गॅलरीतून दिसत नाही. सुरुवात करणाऱ्या मुलीसमोर उभी असते ती पलीकडची सगळ्यात तगडी मुलगी. नवखी घाईघाईत हात घालते, पाच मिनिटांत दोन फाउल, आणि पाचांपैकी दोन गेले म्हणून मला तिला बाहेर काढावं लागतं. तीच मुलगी दुसऱ्या क्वार्टरमध्ये, समोरच्या राखीव मुलीसमोर, निवांत खेळते. रिबाउंड घेते, मागे पळून येते, एखादा लेअप घालते. तिला सुरुवातीला उतरवणं हा लाड की शिक्षा, हे मला तरी दर वेळी नव्याने ठरवावं लागतं.

आमच्या सामन्यात 40 मिनिटं, पाच जागा, म्हणजे वाटायला 200 मिनिटं. बारा जणींत सारखी वाटली तर प्रत्येकीला पावणेसतरा मिनिटांच्या जरा आत. कोबीच्या पहिल्या वर्षीची सरासरी साडेपंधरा होती, तेव्हा हा काही भिकार वाटा नव्हे. साखळी सामन्यांत मी दुसरा क्वार्टर नव्या मुलींचा ठेवते, स्कोअर काहीही असो. पहिला पाच मात्र त्या आठवड्याच्या सरावावरून ठरतो, आणि कशावरून ते मी आधीच सांगते: बॉक्स-आउट केलं का, चेंडू गेल्यावर धावत मागे आलीस का, ओरडून बोललीस का. बास्केट किती टाकलेस ते विचारत नाही. ‘मेहनत कर, संधी मिळेल’ एवढंच सांगणारे कोच मला फसवे वाटतात. कशाची मेहनत, ते त्या पोरीला कळायला नको?

बाद फेरीत ही वाटणी मी मोडते. तेव्हा दुसऱ्या क्वार्टरला नव्या मुली उतरतीलच असं नाही, आणि हे पालकांच्या जूनमधल्या बैठकीतच सांगितलेलं असतं. तरी डिसेंबरमध्ये दोघं-तिघं येऊन भांडतातच.