वेगळे झालो, पण राजा कोण?

मागच्या उन्हाळ्यात धानोरा तालुक्यातल्या एका गावी संविधानाचे शिबिर होते. पेसा समजावून झाला, वनहक्क कायदा झाला, चहा आला. तेव्हा बारावीतला एक पोरगा उभा राहिला आणि म्हणाला, "वकीलसाहेब, उद्या वेगळा विदर्भ झाला, नाहीतर गोंडवाना झाला, तर आपला राजा कोण होणार?" मांडवात हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही. पोरगा "मुख्यमंत्री कोण" असे म्हणाला नव्हता, "राजा कोण" असे म्हणाला होता. प्रजासत्ताक येऊन पंचाहत्तर वर्षे उलटली, तरी आमच्या जिभेवरून राजा उतरलेला नाही.

वेगळे होण्याची मागणी आपल्याकडे नवी नाही आणि ती गैरही नाही. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. त्याच वर्षी बाबासाहेबांनी भाषावार राज्यांवरील आपल्या पुस्तकात मराठी मुलखाची चार राज्ये करावीत असे सुचवले. मोठ्या राज्यात बहुसंख्याकांच्या टाचेखाली अल्पसंख्य जाती भरडल्या जातात, ही त्यांची चिंता होती. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. पुढे अहेरी जिल्ह्याची मागणी उभी राहिली. एका शिक्क्यासाठी सिरोंच्याचा माणूस एसटीत दिवस घालवतो, तेव्हा त्याने वेगळेपण मागितले तर त्याचे काय चुकले?

पण वाचकहो, वेगळे झाल्याने नकाशावरची रेघ सरकते. रेघेच्या आत सत्ता कोणाची, हा प्रश्न जागच्या जागी राहतो. त्याचे जगातले सर्वांत कडू उदाहरण म्हणजे हैती.

फ्रेंचांच्या या वसाहतीत उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले लाखो गुलाम राबत होते. १७९१ साली ते उठले. नेपोलियनच्या फौजेचा त्यांनी पराभव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले. १ जानेवारी म्हटले की आपल्याला १८१८ ची भीमा कोरेगावची लढाई आठवते. तिच्या चौदा वर्षे आधी, त्याच तारखेला, गुलामांनी मालकांपासून देश वेगळा केला होता. मानवमुक्तीच्या इतिहासातले हे सोनेरी पान आहे.

पुढचे पान मात्र काळे आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मुक्तिसेनेचा सेनापती देसालीन याने स्वतःला सम्राट म्हणून राज्याभिषेक करवून घेतला. १८०६ मध्ये त्याची हत्या झाली आणि देशाचे दोन तुकडे झाले. दक्षिणेत पेतियोंचे प्रजासत्ताक, उत्तरेत क्रिस्तोफचे वेगळे राज्य. क्रिस्तोफ आधी अध्यक्ष होता. १८११ मध्ये तो राजा आँरी पहिला झाला. कालच्या गुलामांतून त्याने राजपुत्र, ड्यूक आणि बॅरन निर्माण केले. डोंगरावर प्रचंड किल्ला आणि खाली राजवाडा बांधला. त्यासाठी पुन्हा सक्तीची मजुरी आली. मालकाचा रंग बदलला, पण मजुराची पाठ तीच राहिली. १८२० मध्ये त्याचेच सैनिक उलटले आणि त्याने आत्महत्या केली.

क्रिस्तोफ नालायक होता असे कोणी समजू नये. त्याने शाळा काढल्या, खजिना भरला. मग चुकले कुठे? वकील म्हणून मला उत्तर सापडते ते त्याच्या १८०७ च्या घटनेत. त्या घटनेने अध्यक्ष तहहयात ठेवला आणि आपला वारस सेनापतींमधून निवडण्याचा अधिकारही त्यालाच दिला. म्हणजे राजेशाही १८११ मध्ये आली नाही. ती चार वर्षे आधीच कलमात शिरली होती. मुकुट हा नंतर शिवलेला कपडा.

दक्षिणेतला पेतियों प्रजासत्ताकवादी. त्याने जमिनी वाटल्या. पण १८१६ मध्ये तोही तहहयात अध्यक्ष झाला. तिथे मुकुट नव्हता, पण जनतेच्या हाती माणूस बदलण्याची सोयही नव्हती.

आता क्षणभर इतिहास उलटा फिरवून पाहा. समजा, १८०७ च्या त्या घटनेत 'तहहयात' हा शब्द नसता. चार वर्षांची मुदत असती, हिशेब मागणारी सभा असती. क्रिस्तोफ कदाचित एक कर्तबगार माजी अध्यक्ष म्हणून म्हातारा झाला असता. किल्ला अपुरा राहिला असता, पण लोक नागरिक झाले असते. मी भविष्यवेत्ता नाही. पण एका शब्दाने देशाची वाट वाकडी होऊ शकते, हे कोर्टात उभे राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आता आपल्या अंगणात या. अहेरी ही चांद्याच्या जमीनदाऱ्यांतली सर्वांत मोठी. १९५१ मध्ये कायद्याने जमीनदारी गेली, 'राजे' हा शब्द गेला नाही. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत अहेरीत धर्मरावबाबा आत्राम, त्यांच्या कन्या भाग्यश्री आणि पुतणे अम्ब्रीशराव असे एकाच घराण्यातले तिघे एकमेकांविरुद्ध उभे होते. धर्मरावबाबा निवडून आले. निवडणूक कायदेशीर होती, मतदारांनी मते दिली, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न मतदाराचा आहे. त्याच्यासमोरच्या मुख्य लढतीत राजवाड्याबाहेरचा माणूस का दिसू नये? आणि जंगलात बंदुकीच्या जोरावर जे 'जनताना सरकार' उभे केले गेले, त्याच्या नावात जनता होती. पण त्या सरकारला मतपेटीतून घरी पाठवण्याची सोय जनतेला नव्हती.

दुसऱ्यांकडे बोट दाखवणे सोपे असते. आपले काय? १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चांद्यात धम्मदीक्षा दिली. त्या सोहळ्यासाठी राबलेले बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे याच मातीतले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. रिपब्लिकन म्हणजे प्रजासत्ताकवादी. आणि पुढे? गवई गट, खोब्रागडे गट, कांबळे गट, आठवले गट. प्रजासत्ताकाचे नाव घेतलेल्या पक्षापुढे कंसात माणसाचे नाव आले. प्रत्येक फुटीला तात्त्विक कारण सांगितले गेले, पण फुटून बाहेर पडलेल्या गटात अध्यक्ष बदलण्याची रीत कितीजणांनी घातली?

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत इशारा दिला होता, की धर्मात भक्ती आत्म्याला तारत असेल, पण राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. तथागतांनी तर आपला वारसच नेमला नाही. धम्म हाच तुमचा शास्ता, असे सांगून ते गेले. हे आपण दर पौर्णिमेला सांगतो आणि सभा संपली की साहेबांच्या गाडीमागे धावतो.

याच धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) आहे. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, असे म्हणणाऱ्या या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गाव देशातून फुटले नाही, कोणी राजा झाला नाही. निर्णय ग्रामसभेत सर्वांच्या सहमतीने होतात. त्यामुळे एकेका विषयावर बैठकीमागून बैठका होतात, वेळ जातो. प्रजासत्ताक चालवायचे तर बसण्याचा कंटाळा करून चालत नाही.

म्हणून त्या पोराला मी तीन प्रश्न लिहून दिले. इथला प्रमुख किती दिवसांसाठी? त्याला हिशेब कोण विचारणार? त्याच्यानंतर कोण, हे कोण ठरवणार? राज्य असो, पक्ष असो, बचत गट असो, हे तीन प्रश्न विचारायचे. उत्तर 'तोच' असे आले, की समजायचे राजा बसला.

घरी येताना मला आमच्या वस्तीतल्या विहार समितीची आठवण झाली. मोठ्या मंडळाशी भांडून आम्ही वेगळे झालो होतो, तेव्हा समितीची घटना मीच लिहून दिली होती. रात्री फाईल काढून पाहिली. त्यात अध्यक्षाच्या मुदतीचे कलमच नाही. पहिल्या दिवसापासूनचे अध्यक्ष आजही तेच आहेत. सज्जन गृहस्थ आहेत, विहारासाठी पदरमोड केली आहे. दोष त्यांचा नाही, कलम गाळणाऱ्याचा आहे, म्हणजे माझा.

येत्या पौर्णिमेच्या सभेत मी दुरुस्ती मांडणार आहे. मुदत तीन वर्षे, जास्तीत जास्त दोनदा, दरवर्षी हिशेब फळ्यावर. भाऊ दुखावतील, हे मला माहीत आहे. त्यांच्या घरी आधी जाऊन मीच सांगणार आहे.