पिवळ्या गवताची साक्ष आणि बोरिवलीचं रान
पाण्याचा पाइप आखूड पडला आणि इंग्लंडमधल्या स्टोनहेंजच्या शिळांचं वर्तुळ कधी पूर्ण होतं का, हे एक जुनं कोडं सुटायला मदत झाली. 2013 च्या कोरड्या उन्हाळ्यात हिरवळीवर पाणी मारणारा पाइप शिळांच्या वर्तुळाच्या एका भागापर्यंत पोहोचलाच नाही. तिथलं गवत करपलं, पण सगळीकडे सारखं नाही. त्यातले वेगळे डाग म्हणजे नाहीशा झालेल्या शिळांच्या जागा असाव्यात, हे तिथल्या एका कर्मचाऱ्याच्या नजरेनं हेरलं.

यामागची गोष्ट शेतकऱ्याला नवी नाही. पुरलेल्या भिंतीवर मातीचा थर पातळ, म्हणून रोप खुरटतं. बुजलेल्या खंदकात माती खोल, ओल टिकते, पीक गर्द राहतं. उपग्रहाला हा फरक डोळ्यांच्या आधी कळू शकतो. निरोगी पान लाल प्रकाश शोषतं आणि निकट-अवरक्त किरण परतवतं. या दोन परावर्तनांच्या वजाबाकीला त्यांच्याच बेरजेनं भागलं की ‘एनडीव्हीआय’ मिळतो. पान सुकू लागलं की हा आकडा घसरतो.

मग मुंबईतल्या कान्हेरीच्या डोंगरावर हेच का करू नये? शंभराहून अधिक लेणी, जागोजागी पाण्याच्या पोढ्या, म्हणजे कातळात कोरलेली टाकी, भोवती बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पसरलेलं राष्ट्रीय उद्यानाचं रान.

खोडा घालतो तो पाऊस. उपनगरांत चार महिन्यांत 2,000 मिलिमीटरहून जास्त पाणी पडतं. जुलैत इथे कातळालाही शेवाळ धरतं. भिंत काय नि टाकं काय, सगळं एकजात हिरवं. फरक उमटलाच तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात, गवत पिवळं पडू लागतं त्या थोड्या दिवसांत. तेव्हाही ‘सेंटिनेल-2’ उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका 10 मीटर लांब-रुंद असतो आणि एखादी पोढी त्यात सहज हरवते. दाट झाडीवर तर एनडीव्हीआय एका मर्यादेपुढे वाढायचाच थांबतो.

ग्वाटेमालाच्या जंगलात मात्र झाडं बोलली. विल्यम सॅटर्नो आणि नासाचे टॉम सेव्हर यांनी ‘इकोनोस’ उपग्रहाच्या चित्रांत माया संस्कृतीच्या इमारतींवरच्या झाडीचा रंग वेगळा असल्याचं पाहिलं. ढासळलेल्या इमारतींचा चुना मातीत उतरला होता. कान्हेरी कातळात कोरलेली, तिथे चुना झिरपणार कुठून? विटांच्या स्तूपांच्या अवशेषांपुरती थोडी आशा धरता येईल, इतकंच. त्यापेक्षा पानांच्या फटींतून लेसरचे झोत जमिनीपर्यंत पोहोचवणारं ‘लायडार’ बरं. अंगकोरमध्ये 2012 साली त्यानंच झाडीखालच्या शहराची आखणी उघड केली. आपल्याकडे उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो, तो काळ याला सोयीचा.

राष्ट्रीय उद्यानातल्या ज्या सात लेण्यांची बातमी 2021 मध्ये आली, ती अशा यंत्रांनी सापडलेली नाहीत. विलेपार्ल्याच्या साठ्ये महाविद्यालयाचे डॉ. सूरज पंडित यांनी रानातल्या पाण्याच्या वाटा अभ्यासून संभाव्य जागा आधी नकाशावर मांडल्या, मग पायपीट. या लेण्यांना पोढ्या नाहीत, म्हणून ती भिक्षूंच्या पावसाळी निवाऱ्याची असावीत, असा अंदाज आहे.

उपग्रहाकडूनही इथे तेवढीच अपेक्षा रास्त: चालायचं क्षेत्र कमी करून देण्याची. नोव्हेंबर सरल्यावरही हिरवा राहिलेला ठिपका म्हणजे झरा असू शकतो, गाळानं भरलेली पोढी असू शकते किंवा नुसतं सांडपाणी. रानाच्या कडेला, वस्तीलगत, शक्यता बहुतेक तिसरीच.