जुनं ठेवावं की नवं घ्यावं? (लेखांक 11) : पंधरा वर्षं न वाजलेला भोंगा

गेल्या आठवड्यात इन्व्हर्टरच्या बॅटरीवर लिहिलं आणि दुसऱ्याच दिवशी साताऱ्याहून मामांचा फोन आला. ‘‘इन्व्हर्टर राहू दे. जिन्याखालचा चोर-अलार्म ठेवू का काढू, ते सांग. पंधरा वर्षांत एकदाही वाजला नाही, म्हणजे उत्तमच आहे की.’’ मागून मामींचा आवाज : ‘‘नाहीतर मेलाय!’’

मामींचं म्हणणं सोडून देण्यासारखं नव्हतं. मिक्सर बिघडला तर चटणी वाटताना कळतं. अलार्म बिघडला तरी घरात शांतताच असते आणि धडधाकट असला तरी शांतताच. वयावरून त्याची पारख होत नाही, त्याला वाजवूनच पाहावं लागतं. रविवारी साताऱ्याला गेलो.

जिन्याखाली पत्र्याची पेटी, तिच्यावर हिरवा दिवा. शेजारी भिंतीवर पेन्सिलीने चार आकडे. मामांचं लग्नाचं साल, तोच कोड. तो आधी पुसायला लावला. मग अलार्म चालू करून मागचं दार उघडलं. सायरन असा कोकलला की समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. मामांनी मामींकडे विजयी मुद्रेने पाहिलं. आता बाहेर जाऊन मीटरजवळचा मेन स्विच पाडला आणि पुन्हा दार उघडलं. ‘खर्र’ एवढाच आवाज झाला आणि सगळं थंड.

पेटीत बारा व्होल्ट, सात अँपिअर-अवरची बंद लेड-ॲसिड बॅटरी होती. तिच्या दोन्ही कुशी फुगलेल्या, वरची तारीख 2016ची. अशी बॅटरी तीन ते पाच वर्षं नीट साथ देते. हिरवा दिवा फक्त वीज आल्याचं सांगत होता, बॅटरीची विचारपूस तो करत नव्हता. साताऱ्याच्या पावसात वीज जाणं नवलाचं नाही, आणि मीटर घराबाहेर असेल तर ती घालवायला चोराला कष्टही पडत नाहीत. नवी बॅटरी हजार-बाराशेला मिळते. अर्धे जुने अलार्म एवढ्यावरच उठून बसतात.

दारांवरची चुंबकी बटणं मात्र मी मुळीच बदलणार नव्हतो. चौकटीवरच्या तुकड्यात काचेची बारीक नळी असते, तिच्यात लोखंड-निकेलच्या दोन पात्या. दारावरचं चुंबक जवळ असलं की पात्या चिकटतात, दार उघडलं की सुटतात. बेल लॅबोरेटरीजमधल्या वॉल्टर एलवुड यांनी 1936 साली काढलेली ही युक्ती आजच्या महागड्या वायरलेस सेन्सरमध्येही दिसते. काचेत बंद असल्याने तिला ना धूळ लागते ना गंज. पावसाळ्यात सागवानी दार फुगतं, चुंबक दूर राहतं आणि अलार्म उगाच वाजतो. त्यावर इलाज सुताराकडे आहे.

खोलीतली हालचाल टिपणारा डोळा, म्हणजे पीआयआर, अंगाची ऊब आणि मागच्या भिंतीची ऊब यांतला फरक पाहतो. भिंग पिवळं पडलं किंवा त्यावर पाल बसली की त्याचं गणित चुकतं. नागपूर-चंद्रपूरच्या वाचकांनी त्याची परीक्षा मे महिन्यात, दुपारी बंद खोलीत घ्यावी. भिंतच अंगाइतकी तापली की माणूस त्याला जेमतेम दिसतो.

खरी गंमत वायरीत निघाली. दारं बंद असताना त्या वायरीतून थोडा करंट सतत फिरत असतो. वायर कापली की तो तुटतो आणि सायरन वाजतो, हे ठीक. पण दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर पेटीला वाटतं दार बंदच आहे. मग उघडा की खुशाल! हे टाळायला वायरीच्या पार टोकाला, दारापाशी, एक रेझिस्टर बसवायचा असतो. करंट ठरल्यापेक्षा कमी झाला किंवा वाढला, दोन्ही वेळी पेटीला कळतं. मामांच्या पेटीत हिरवा-निळा-लाल पट्ट्यांचे, 5.6 किलोओहमचे चार रेझिस्टर होते. चारही पेटीतच, स्क्रूखाली दाबलेले. बसवणाऱ्याने शिडीवर चढायचे कष्ट वाचवले होते. पंधरा वर्षं मामांनी निम्म्याच राखणीवर काढली. चौघांना आपापल्या दाराशी पोचवायला मला दुपारचे दोन तास लागले.

आता फोन. सायरन वाजला की पेटी मामांच्या तांब्याच्या तारेच्या लँडलाइनवरून ठरलेल्या नंबरांना फोन लावायची, आणि ती लाइन त्यांनी 2019मध्ये सोडली. म्हणजे सहा वर्षं बिचारी पेटी भिंतीशी बोलत होती. फायबरवरचा फोन जोडता येतो, पण वीज गेली की मोडेम बंद, फोनही बंद. सिमकार्डाचा डायलर घ्यायचा तर 4जीचाच घ्यावा. टूजीवर चालणारे जुने डायलर एअरटेल, व्हीआय, बीएसएनएलवर अजून तग धरून आहेत, जिओकडे मात्र टूजी नाहीच. अमेरिकेत एटी अँड टीने फेब्रुवारी 2022मध्ये थ्रीजी बंद केलं, तेव्हा त्यावर विसंबलेले घरगुती अलार्म बदलावे लागले होते. शिवाय रिचार्ज! अलार्ममधल्या सिमचा रिचार्ज कुणाच्याच लक्षात राहत नाही. मामींनी तो गॅस सिलिंडरच्या तारखांखाली कॅलेंडरवर लिहिला.

सगळंच काढून वायरलेस का बसवू नये, असं मामांच्या जावयांनी विचारलं. वायर ओढायला भिंती फोडाव्या लागणार असतील तर जरूर बसवावं. पण स्वस्त संचांतले बरेच सेन्सर 433 मेगाहर्ट्‌झवर दर वेळी तोच ठरावीक संकेत पाठवतात. तो टिपून पुन्हा पाठवणं अवघड नाही, म्हणून दुकानात ‘रोलिंग कोड आहे का’ हे विचारावंच. आणि प्रत्येक सेन्सरच्या पोटात बॅटरी, म्हणजे एकाऐवजी दहा बॅटऱ्यांची काळजी. इथे वायर भिंतीत आधीच आहे, मग ती फेकायची कशाला? पेटीचं सर्किट बॅटरीच्या ॲसिडने खाल्लं असतं, किंवा बसवणाऱ्याचा प्रोग्रॅमिंग कोड हरवला असता, तर मी पेटी बदलली असती. तीही फक्त पेटीच.

शेवटी नंबरांची यादी पाहिली. पहिला नंबर मुलाचा, बंगळुरूचा. तो 2014 पासून कॅनडात आहे. दुसरा, बदली होऊन गेलेल्या शेजाऱ्यांचा. तिसरा मामांचा स्वतःचा लँडलाइन, म्हणजे पेटीने ज्या लाइनवरून फोन करायचा तीच. नव्या यादीत आधी समोरच्या जोशीकाकू, ज्यांच्याकडे घराची किल्ली असते, मग पुण्याची मुलगी, मग मामा. पोलिसांसाठी 112 आहे, पण तो माणसाने परिस्थिती पाहून फिरवायचा.

डायलरमध्ये वीस सेकंदांचा निरोप भरायचा होता. मामा निवृत्त मुख्याध्यापक. घसा खाकरून त्यांनी सुरुवात केली, ‘‘सप्रेम नमस्कार. मी साताऱ्याहून बोलतोय. आपण सर्व कुशल असालच...’’ चोर येईपर्यंत वीस सेकंद संपले. दुसऱ्यांदा मामींनी फोन ओढून घेतला : ‘‘काकू, घरात कुणीतरी शिरलंय, खिडकीतून बघा, एकट्या येऊ नका.’’ सहा सेकंद.

(पुढील लेखांकात : गच्चीवरची सोलर बंबाची टाकी)