मीठ मागायचं स्वीडिश व्याकरण

घरात जेवताना ‘कृपया मीठ दे’ असं म्हणून पाहा. समोरचा मीठ द्यायच्या आधी विचारेल, ‘काय झालं, चिडलीस का?’ ‘कृपया’ शोभतो तो रेल्वेच्या घोषणेत, सरकारी पाटीवर, नाहीतर लग्नपत्रिकेच्या तळाशी ‘आहेर आणू नये’च्या आधी. ताटावर बसून आपण ‘जरा मीठ दे ना’ म्हणतो, ‘मीठ इकडे करता का’ म्हणतो. सगळा नम्रपणा त्या ‘जरा’त, ‘ना’त आणि क्रियापदाच्या शेपटीत असतो.

पण हाच मराठी माणूस स्वीडिश शिकायला बसला की पहिल्या तासाला विचारतो, ‘प्लीजला काय म्हणतात?’ गोथेनबर्गला आल्यावर मीही तेच विचारलं होतं. आपण ही भाषा इंग्रजीच्या दारातून शिकायला जातो, आणि तिथल्या उंबऱ्यावर ठेचकाळतो. मराठीतून आलो असतो तर अर्धी वाट ओळखीची निघाली असती.

‘प्लीज म्हणजे स्नेल्ला’

शब्दकोशात तसं सापडतं, आणि ते अगदीच चूक नाही. ‘स्नेल’ म्हणजे प्रेमळ, मायाळू. पण मागताना नुसतं ‘स्नेल्ला’ म्हटलं की सूर गयावयेचा लागतो. आईच्या पदराला लोंबकळून ‘दे ना गं, दे ना’ करणाऱ्या पोराचा तो शब्द. बेकरीत क्रमांकाची चिठ्ठी घेतली, माझा आकडा लागला आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाले, ‘एन कफ्फे, स्नेल्ला!’ काउंटरमागच्या बाई हसल्या. त्या हसण्याचा अर्थ कळायला मला दोन महिने लागले.

तिथं म्हणायचं असतं ‘एन कफ्फे, तक्क’. ‘तक्क’ म्हणजे आभार, आणि ते कॉफी हातात पडायच्या आधीच मानून टाकायचे. उच्चार मात्र सांभाळावा. स्वर आखूड, ‘क’ जड. मराठी जिभेला सोयीचं म्हणून ‘ताक’ म्हटलंत तर स्वीडिशमध्ये त्याचा अर्थ छप्पर होतो. ‘एक कॉफी, छप्पर.’ कॉफी तरीही मिळते.

‘कृपया’चे खरे भाऊ दुसरेच आहेत. फोनवर ताटकळत ठेवताना येणारं ‘वार गूद द्रॉय’, आणि पाटीवरचं ‘वेन्लिगेन’. दोन्ही छापील. घरी पाहुण्याला ‘वेन्लिगेन दार लाव’ म्हटलंत तर तो चपला शोधायला लागेल. त्याला ‘स्तेंग दॉर्रेन, ए दू स्नेल’ म्हणायचं: दार लाव, लावशील ना? इथे ‘स्नेल’ चालतो, कारण तो वाक्याच्या शेवटी आपल्या ‘ना’सारखा हळूच येऊन बसतो.

‘प्लीज नाही, म्हणजे भाषाच रोखठोक’

हा समज इंग्रजीच्या चष्म्याचा. नम्रपणा आहे, भरपूर आहे, पण तो क्रियापदात मुरलेला आहे. दुकानात सर्रास कानावर पडणारं वाक्य घ्या: ‘कन या फो एन कफ्फे?’ यातलं ‘फो’ म्हणजे मिळणे. सरळ मराठी करा, ‘एक कॉफी मिळेल का?’ आपणही टपरीवर हेच म्हणतो. ‘मला द्या’ असं समोरच्यावर काम न टाकता ‘मला मिळेल का’ असं स्वतःकडून विचारायचं.

‘फो’ची गंमत पुढे आहे. परवानगी मागायलाही तेच क्रियापद लागतं: ‘फोर या गो?’ म्हणजे ‘जाऊ का मी?’ आणि ‘या फिक इन्ते गो’ म्हणजे ‘मला जायला मिळालं नाही’. ‘मिळणे’ हे एकच क्रियापद वस्तूसाठीही आणि मुभेसाठीही वापरायची सवय मराठीला आधीपासून आहे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला इथे दोन वेगळे रकाने आखावे लागतात, आपल्याला लागत नाहीत. फक्त एक जागा जपावी. ‘दू फोर वेन्ता’ हे ऐकायला ‘तुला थांबायची परवानगी आहे’ असं वाटतं, पण रांगेत कोणी ते म्हणालं तर अर्थ होतो, ‘थांबावं लागेल’. अशा वेळी मान डोलवून काउंटरकडे सरकू नये. (‘फोर’ म्हणजे मेंढीसुद्धा. त्याला इलाज नाही.)

‘विल’ हे इच्छेचं क्रियापद. त्याच्यापुढे थेट नाम ठेवून ‘या विल कफ्फे’ म्हणणं ही नवशिक्याची ठरलेली चूक. मध्ये ‘हा’ हवा, म्हणजे ‘जवळ असणे’: ‘या विल हा कफ्फे’. व्याकरण बरोबर, सूर ‘मला कॉफी हवी’ एवढाच सरळ. मऊ करायचं तर क्रियापद भूतकाळाच्या रूपात न्यायचं: ‘या स्कुल्ले विल्या हा’. मदत मागताना ‘कन दू’ऐवजी ‘स्कुल्ले दू कुन्ना’. विचारायचं असलं की ‘या तेंक्ते फ्रोगा’, शब्दशः ‘मी विचारायचं ठरवलं होतं’. भूतकाळ कशाला, असं परदेशी विद्यार्थी विचारतात. आपण विचारू नये. ‘साहेब, जरा विचारायचं होतं’ म्हणत दारात उभं राहणाऱ्यांची आपली परंपरा आहे. फोनवरचा कारकून ‘हूर वार नामनेत?’, म्हणजे ‘नाव काय होतं?’ असं विचारतो, तेव्हा ‘अजूनही तेच आहे’ असं उत्तर द्यायचा मोह आवरावा.

आणि नकार. ‘दू हार इन्ते एन पेन्ना?’ शब्दशः ‘तुझ्याकडे पेन नाही?’ पुस्तकी डोळ्यांना ही तक्रार वाटते. प्रश्नात क्रियापद आधी यायला हवं हा नियमही इथे बाजूला पडलेला दिसतो, कारण वाक्याची रचना साध्या विधानाची आहे. पण कानाने ऐका: ‘तुझ्याकडे पेन नसेल ना?’ समोरच्याला नाही म्हणायची सोय आधीच करून दिली, की मागणं हलकं होतं. पेन असेल तर उत्तर ‘या’, म्हणजे साधं ‘हो’, नाही, ‘यू’. नकारार्थी प्रश्नाला ‘हो, आहे की’ म्हणायला स्वीडिशने हा वेगळा शब्द राखून ठेवला आहे.

‘नी म्हणजे तुम्ही’

रूपाने खरं, व्यवहारात घातक. ‘दू’ एकवचन, ‘नी’ अनेकवचन. मराठी मन लगेच बॉसला, डॉक्टरला, सासूबाईंना ‘नी’ लावून मोकळं होतं. जुन्या स्वीडनमध्ये एका व्यक्तीला ‘नी’ म्हणणं आदराचं नव्हतंच. हुद्दा नसलेल्या, आपल्यापेक्षा खालच्या समजल्या जाणाऱ्या माणसाला ते लावलं जाई. आदर दाखवायचा तर हुद्दा घेऊन तृतीय पुरुषात बोलायचं: ‘विल दोक्तोर्न हा कफ्फे?’, डॉक्टर कॉफी घेणार का? हुद्दा ठाऊक नसेल तर कर्त्यालाच गुंडाळून ठेवायचं, ‘कॉफी घ्यायची का?’ या धर्तीवर. नव्या व्याह्यांशी ‘बसायचं ना?’ एवढंच बोलून अख्खी संध्याकाळ निभावलेल्या माणसाला ही कसरत समजावून सांगायला नको.

ती कसरत संपली 1960च्या दशकाच्या अखेरीस. 1967 मध्ये ब्रूर रेक्सेड हे राष्ट्रीय वैद्यकीय मंडळाचे प्रमुख झाले आणि त्यांनी जाहीर केलं की मी सगळ्यांना ‘दू’ म्हणणार. आपल्या मेडिकल कॉलेजांतली मुलं पाठ्यपुस्तकात मज्जारज्जूचे ‘रेक्सेड लॅमिना’ पाठ करतात, तेच हे रेक्सेड. या बदलाला ‘दू-सुधारणा’ म्हणतात, त्यामुळे सरकारने कायदा केला असावा असा आणखी एक समज आहे. कायदा वगैरे काही झाला नाही. वारं आधीपासून वाहत होतं, रेक्सेड यांच्या घोषणेने त्याला नाव मिळालं. आज पंतप्रधानालाही ‘दू’ म्हणतात. राजघराणं तेवढं अपवाद, तिथे अजून तृतीय पुरुष चालतो. काही दुकानांतली तरुण मंडळी गिऱ्हाइकाला मान द्यायला ‘नी’ म्हणतात, आणि बऱ्याच वयस्कर गिऱ्हाइकांच्या कपाळाला आठ्या पडतात. फिनलंडमधल्या स्वीडिशभाषकांत मात्र आदरार्थी ‘नी’ अजून बऱ्यापैकी टिकून आहे.

माझ्या तोंडून साठीच्या शेजारणीला ‘दू’ निघायला वर्ष लागलं. प्रत्येक वेळी मनातल्या मनात कोणीतरी माझा कान पिळत होतं.

एक किरकोळ मुद्दा: इंग्रजीत प्रश्न विचारणं आणि मदत मागणं यांना एकच क्रियापद चालतं, म्हणून लोक दोन्हीकडे ‘फ्रोगा’ वापरतात. ‘फ्रोगा’ म्हणजे विचारणे. मागण्यासाठी, विनंतीसाठी ‘बे’. हा फरक मराठीत आहेच, तो विसरू नये म्हणजे झालं.

‘एत्त कफ्फे’ आणि कॉफीची किटली

‘कफ्फे’ हे नाम ‘एत्त’ गटातलं आहे, असं व्याकरण सांगतं. ते वाचून विद्यार्थी काउंटरवर ठासून ‘एत्त कफ्फे’ मागतात. पण मागतो तो कप, आणि म्हणून ‘एन कफ्फे’. बिअरचंही तेच: ग्लासभर हवी तर ‘एन ऑल’, बिअरच्या एखाद्या प्रकाराबद्दल बोलायचं तर ‘एत्त ऑल’.

कॉफीचा पहिला कप संपला की दुसरा येतो. त्याला ‘पोतोर’ म्हणतात, तिसऱ्याला ‘त्रेतोर’. ‘तोर’ म्हणजे थेंब, अश्रूसुद्धा. ओळखीच्या घरी पहिल्यांदा बोलावलं होतं. यजमानीण किटली घेऊन फिरत माझ्यापाशी आली आणि आणखी देऊ का म्हणाली. कॉफी फक्कड होती, मला हवी होती. मी कौतुकाने म्हणाले, ‘दे ए ब्रा, तक्क’. ब्रा म्हणजे चांगलं, छान, तेवढं मला येत होतं. पण देऊ केलेल्या गोष्टीला हे वाक्य म्हटलं की त्याचा अर्थ ‘पुरे, राहू दे’ असा होतो. ती हसून पुढे गेली.

आपल्याकडे ‘राहू दे’ म्हटल्यावर आणखी दोनदा आग्रह होतो. मी कप हातात धरून वाट पाहत बसले. किटली टेबलाला वळसा घालून परत आली, तोवर शेजारच्या म्हातारबुवांचं ऐकून ठेवलं होतं: ‘या तक्क, यॅर्ना’. हो, आनंदाने. तेवढंच म्हणाले, आणि कप भरला.